माठाखालचे टायर

परवा फोनवर तुम्ही दोघं सायकलच्या टायरांवरून भांडत होतात आणि मी मधे गप्प बसून ऐकत होते. एकाचं म्हणणं, खोल ठोकळ्यांचे टायर घ्यावेत, ते चिखलात घट्ट धरून ठेवतात. दुसरीचं म्हणणं, डोंगरातली वाट दगडांची आहे, तिथे ठोकळे कशाला. शेवटी तुम्ही विचारलंत, "आजी, तू कंटाळलीस ना?" मी नाही म्हटलं, पण फोन ठेवल्यावर मला हसू आवरेना. तुमची आजी या विषयात कोरी आहे, असं तुम्ही धरूनच चाललात. वऱ्हाडातल्या काळ्या मातीतून मी कितीतरी पावसाळे सायकलवर गेले आहे, आणि टायर निवडताना आमच्या घरातली एकेक शहाणी माणसं कशी चुकली, हे तुम्हाला मी कधी सांगितलेलंच नाही. फोनवर ते नीट सांगता यायचं नाही, म्हणून लिहिते आहे.

माझं माहेर अमरावतीचं. बाबा सरकारी कचेरीत कारकून होते. त्यांनी स्वतः कंदिलाच्या उजेडात इंग्रजी शिकून घेतलं होतं, आणि ते मला शिकवल्याशिवाय त्यांना चैन पडेना. कॉलेज घरापासून लांब, म्हणून त्यांनी मला जुनी सायकल घेऊन दिली. काळी, उंच, बायकांची, मधला दांडा नसलेली. इंग्रजी क्रियापदं आणि पंक्चर काढणं मी त्यांच्याकडून एकाच उन्हाळ्यात शिकले. दोन्हींत त्यांची एकच पद्धत. आधी सगळे भाग सुटे करायचे, ओळीने मांडायचे आणि मग ज्या क्रमाने सोडले त्याच्या उलट क्रमाने जोडायचे. वाक्यही असंच सोडवायचं, म्हणायचे.

बी.ए. झाल्यावर माझं लग्न झालं ते अकोला जिल्ह्यात, तेल्हाऱ्याच्या बाजूच्या एका लहान गावात. तुमचे आजोबा अकोल्याला नोकरीला होते, तिथे एका खोलीत दोघांबरोबर राहत आणि शनिवारी संध्याकाळी घरी येत. बाकी आठवडा घरात आम्ही तिघंच. मी, सासूबाई आणि सासरे. सासूबाईंना मी आत्याबाई म्हणत असे आणि सासऱ्यांना मामाजी. थोडी काळी जमीन, एक बैलजोडी, एक शेळी. गावापासून दोन कोसांवर मोठं गाव होतं. तिथल्या शाळेत आठवीचा वर्ग नुकताच उघडला होता आणि इंग्रजी शिकवायला कोणी मिळत नव्हतं. मला ती जागा मिळाली, पण कच्ची. हेडमास्तरांनी पहिल्याच दिवशी सांगितलं, "बाई, तुमचं इंग्रजी चांगलं हाय, त्यात वाद नाई. पन पावसायात तुमी रोज येऊन दाखवा. पावसायात नाई आल्या, तं दिवाळीनंतर मले गावातलाच मानूस पाहावा लागीन."

म्हणजे प्रश्न इंग्रजीचा नव्हताच, वाटेचा होता. आणि मला तो वर्ग हवा होता. अमरावतीहून निघताना बाबांनी सायकल बसच्या टपावर चढवून दिली ती याच आशेवर, की त्यांची मुलगी कुठेतरी वर्गासमोर उभी राहील. टपावरची दोरी त्यांनी दोनदा तपासली.

ही वाट कशी होती, ते आधी सांगते. घरातून निघालं की गल्ली, गल्लीनंतर दोन्ही बाजूंच्या शेतांमधून गेलेली गाडवाट, सगळी काळ्या मातीची. पुढे एक नाला. नाल्याच्या पलीकडे मुरमाचा रस्ता, त्याच्या कडेने बाभळी. उन्हाळ्यात काळ्या मातीला इतक्या रुंद भेगा पडायच्या, की सायकलचं चाक त्यात सहज बसावं. हिवाळ्यात बैलगाड्यांच्या चाकोऱ्या वाळून दगडासारख्या कडक होत. एकदा चाकोरीत चाक शिरलं की ती जिकडे नेईल तिकडे जायचं. बाभळींखाली बारा महिने काटे. आणि पावसाळ्यात तीच काळी माती लोण्यासारखी मऊ आणि डिंकासारखी चिकट होई. ज्याने ती पाहिली नाही, त्याला चिखल म्हणजे काय ते कळलेलं नाही. तुमच्याकडचा चिखल तुमच्या अंगावर उडतो. आमचा चिखल बरोबर घरी येतो.

पावसाळ्याआधी मी माहेरी गेले तेव्हा सायकलही बरोबर नेली. तिचे टायर पार गुळगुळीत झाले होते, नखाने चाचपलं तरी रेघ लागेना. बाबा मला घेऊन सायकलच्या दुकानात गेले. दुकानदाराने दोन तऱ्हेचे टायर काढून ठेवले, दोन्ही तीन-तीन वेढ्यांत गुंडाळलेले. एक बारीक रेघांचा, गावात चालवायचा. दुसरा जाड, खोल ठोकळ्यांचा. बाबांनी चष्मा कपाळावर नेला आणि दोन्ही टायर अंगठ्याने दाबून पाहिले.

"पोरगी खेड्यात शिकवते," ते म्हणाले. "काळी माती आहे. पावसाळ्यात एक दिवससुद्धा बुडून चालायचं नाही."

"मंग हाच घ्या," दुकानदार जाड टायरावर थाप मारत म्हणाला. "हा असा पकडते मातीले, का सोडतच नाई."

तो अक्षरशः खरं बोलला होता, हे आम्हाला नंतर कळलं. तेव्हा मात्र बाबांना ते पटलं. त्यांचा हिशेब सरळ होता. घसरतं ते गुळगुळीत, धरतं ते खडबडीत. मला वाटतं, तुमच्यापैकी एकाचाही हिशेब परवा हाच होता. नवे टायर चढले. जुने बाबांनी टाकू दिले नाहीत, ते काहीच टाकत नसत. वेढे घालून त्यांनी ते कॅरियरला बांधले.

मी घरी पोचले तेव्हा आत्याबाई अंगणात होत्या. सायकल त्यांना पहिल्यापासून नको होती. सून सायकलवर बसून गावातून जाते, हे त्यांना पटत नसे, आणि न पटलेलं त्या पोटात ठेवत नसत. "पाय नाईत का तुले?" हे मी लग्न झाल्यापासून ऐकत होते. त्या दिवशी त्यांनी नव्या टायरांकडे पाहिलंही नाही. कॅरियरवरची वेटोळी मात्र ओढून काढली, हातात फिरवली, आणि सरळ जाऊन पाण्याच्या दोन माठांखाली घातली. तोवर ते माठ विटांच्या तुकड्यांवर डगमगत उभे असत.

"बसले पाय कशे!" त्या म्हणाल्या. "ते तुहं आनलं, त्याचा एवढाच एक उपेग झाला मले."

त्यांच्या बोलण्यात 'ळ' नव्हताच. काळी माती त्यांच्याकडे कायी माती होई, पोळ्याचा पोया, आणि 'बघ' म्हणायचं तर त्या 'पाय' म्हणत. आणि वऱ्हाडात बायकासुद्धा 'मी करतो', 'मी जातो' म्हणतात, हेही लक्षात ठेवा, नाहीतर पुढचं बोलणं कोणाचं, असा घोळ होईल.

पाऊस लागला आणि नव्या टायरांचा गुण दिसायला लागला. मुरमाच्या रस्त्यावर ते उत्तम. बाभळीचा काटा त्यांच्यात अर्धाच शिरे. पण गाडवाटेवर माती त्या खोल ठोकळ्यांमध्ये जाऊन बसायची. तिच्यावर आणखी माती, मग गवताची काडी, मग पुन्हा माती. थोडं पुढे गेलं, की चाक आणि मडगार्ड यांच्या मधे सगळं गच्च भरून चाक फिरायचंच थांबे. मग उतरायचं, काडीने कोरायचं, पुन्हा थोडं जायचं, पुन्हा उतरायचं. ढकलायलाही ती जाईना, कारण चाकच फिरत नव्हतं. अशी ती सायकल उचलून मी कितीदा नाला ओलांडला असेल! मी वर्गात पोचे तेव्हा दुसरा तास अर्धा झालेला असे आणि फळ्यावर गणित.

आत्याबाईंनी माझं ते काडीने कोरणं एकदा शेतातून पाहिलं. दुसऱ्या दिवशी निघताना त्यांनी माझ्या हातात मोडक्या दांड्याचं एक उलथनं दिलं. "काडीनं काय होते? भाकर करपली तं तव्याले काडी लावतं का?" एवढंच बोलल्या. ते उलथनं मी कॅरियरला अडकवून शाळेत नेत असे. मुली त्याकडे पाहून तोंडाला पदर लावत.

हेडमास्तर रागावले नाहीत. तेच जास्त लागे. पोळा जवळ आला तेव्हा त्यांनी मला बाजूला बोलावलं. "पोयाच्या दुसऱ्या दिवशी तपासनीले साहेब येऊन राहिले. आठवीचा पहिला तास इंग्रजीचा ठेवतो. तुमी त्या तासाले वर्गात दिसल्या, तं मी सांगीन का आमच्या बाई बराबर येतात. नाई दिसल्या, तं मी खोटं कसं बोलू?"

मी घरी येऊन हे सांगितलं. मामाजी म्हणाले, "अंधारात निंघ मंग. पायी जाय." आत्याबाई भाकरी थापत होत्या. त्यांनी वर पाहिलं नाही. पण भाकरी थापताना मधेच हात थांबला आणि त्या आपल्या पिठाने भरलेल्या बोटांकडे जरा वेळ पाहत राहिल्या. त्याचा अर्थ मला नंतर लागला.

आता पोळ्याबद्दल थोडं सांगायला हवं. आमचं घर छप्पन साली बौद्ध झालं. देव्हाऱ्याच्या जागी बुद्धाची तसबीर आली आणि मामाजींनी जुन्या सणांना एकेक करून निरोप दिला. ते या बाबतीत कडक होते. पोळ्याला बैलांची पूजा नाही, नैवेद्य नाही, आरती नाही. आत्याबाईंनी सगळं मान्य केलं, एक सोडून. पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी बैलांचे खांदे शेकतात. वर्षभर जू वाहून कडक झालेली ती जागा तेल-हळद लावून मळतात, आणि बैलाच्या कानाशी जाऊन म्हणतात, आज आवतन घ्या, उद्या जेवाले या. उद्याच्या जेवणाचं आमंत्रण. हे त्यांनी सोडलं नाही.

"हे काय चाललं मंग?" मामाजी दरवर्षी विचारत.

"मालिश."

"पूजाच होय ते!"

"पूजा कुठी करून राहिलो मी? त्याले थोडीच मालूम हाय आपन कोनत्या धर्माचे झालो ते. त्याचा खांदा दुखते तो दुखतेच."

"अन् आवतन?"

"घरात राबनाऱ्याले जेवाले या म्हनलं, तं ते पूजा होते काय?"

मामाजी उठून बाहेर जात, आणि परत येताना शेतातून हिरवा चारा घेऊन येत.

त्या वर्षीही आदल्या संध्याकाळी मी चुलीपाशी बसले असताना गोठ्यातून आत्याबाईंचा आवाज आला, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या." मग थोड्या वेळाने पुन्हा काहीतरी, हळू आवाजात. दोन बैल, दोन आवतनं, असं मला वाटलं. पोळा झाला. दिवसभर पावसाची भुरभुर होती, बैल अंगणात उभे राहून निवांत खात होते. सायकल गोठ्याच्या कोपऱ्यातच होती, तिकडे मी गेले नाही.

दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता मी सायकल बाहेर काढली. शाळा अकराची, पण मला अवकाश हवा होता. अंगणाच्या उजेडात आल्यावर मी पाहतच राहिले. दोन्ही टायर पिवळे. ठोकळ्याठोकळ्यात हळद, वरून जवसाचं तेल, अगदी मन लावून चोळलेलं, रिमसुद्धा सोडलेली नाही. गोठ्यातला भुसा आणि गवताचा चुरा त्यावर जागोजागी चिकटला होता. मला वाटलं, पुसून जाईल. फडक्याने पुसलं आणि निघाले.

जवसाचं तेल वाळत आलं की चिकट होतं, हे मला माहीत नव्हतं. आणि रिमला तेल लागलं की ब्रेक लागत नाही, हे माहीत होतं, पण तेव्हा सुचलं नाही. गल्लीच्या उतारावर मी ब्रेक दाबला आणि सायकल तशीच पुढे गेली. पाय टेकून, भिंत धरून कशीबशी थांबले. गाडवाटेला लागले, तर रोज चाक जिथे अडायचं त्याच्या कितीतरी आधी ते अडलं. माती टायरांना अशी बसली, की उलथन्यानेही निघेना, तिच्यात तेल मळलं गेलं होतं, आणि कोरता कोरता दिवस बराच वर आला. पुढे नाही, मागे नाही. पायी निघावं, तर नाल्याला पाणी वाढलेलं दिसत होतं, आणि वरच्या अंगाच्या लांबच्या वळशाने चालत जाऊन अकराच्या आत पोचायची शक्यता नव्हती. मी सायकल खांद्यावर घेतली आणि घरी परत आले.

आत्याबाई दारातच होत्या. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, चाकांकडे पाहिलं.

"चिपकली?"

"हो."

"मी तेल लावलं होतं," त्या म्हणाल्या. आवाज अगदी लहान झाला होता. "हाताले तेल लावलं का पीठ चिपकत नाई. मले वाटलं, चाकालेबी..."

मामाजी ओट्यावरून खाली उतरले. पिवळी चाकं पाहून त्यांना आधी काही कळेना, मग एकदम कळलं.

"अवो! तुमी सायकलीची पूजा केली काय?"

"पूजा कुठी केली? मालिश केली!"

"अन् आवतनबी देल्लं असन!"

आत्याबाई बोटाने चाकाची हळद खरवडायला लागल्या, आणि तेवढ्यावरून आम्हा दोघांना समजलं, की दिलं होतं. मला हसू आलं. जिला त्यांनी कधी सायकल म्हणून नावाने हाकही मारली नव्हती, 'ते तुहं' म्हणत, तिला त्यांनी बैलांच्या ओळीत बसवलं होतं. घरात राबणाऱ्यांत तिची गणना झाली होती, आणि बहुधा माझीही.

पण मला काही म्हणता यायच्या आत आत्याबाईंनी पदर खोचला होता. "दुसरे चाक लाव हिले."

"दुसरे कुठले आणू, आत्याबाई?"

त्या माठांकडे वळल्या. दोन्ही माठ काठोकाठ भरलेले होते. विहीर गावाच्या दुसऱ्या टोकाला, आणि पाणी त्या पहाटे डोक्यावरून आणून भरत, मला भरू देत नसत, कारण मला शाळेला उशीर होई. त्यांनी पहिला माठ दोन्ही हातांनी कलंडवला. सगळं पाणी अंगणातून वाहत गेलं. मग दुसरा.

"अवो, पानी!" मामाजी ओरडले.

"पानी मी पुन्हा भरतो," त्या म्हणाल्या. "साहेब काय पुन्हा येते?"

माठाखालचे टायर तीन महिने वेटोळ्यात बसून जरा लंबुळके झाले होते, ओले होते, आणि गुळगुळीत तर होतेच. पण दुसरं काही नव्हतं. मामाजींनी सायकल उलटी करून धरली. मी पाना आणि टायर काढायच्या पट्ट्या घेतल्या आणि बाबांनी शिकवल्याप्रमाणे सगळे भाग गोणपाटावर ओळीने मांडले. आत्याबाईंनी चुलीतली राख आणली आणि पितळेची भांडी घासावीत तशा रिम घासून काढल्या, तेलाचा थेंब राहू दिला नाही. आपलं तेल आपणच काढत होत्या, तोंडाने काहीतरी पुटपुटत.

"बाभयीखालून कशी जाशीन पन?" मामाजींनी विचारलं. "हे टायर पापडावानी पातय झाले."

तीच भीती मला होती. काट्यासाठी तर नवे टायर घेतले होते. आत्याबाई आत गेल्या आणि जुन्या लुगड्याचा काठ टरकावत बाहेर आल्या. काठ घट्ट विणीचा असतो, बाकी लुगडं विरून गेलं तरी काठ टिकतो. ती पट्टी त्यांनी टायराच्या आत, ट्यूबच्या बाहेरून फिरवायला माझ्या हातात दिली. हिरवा काठ होता. मी पट्टी बसवली, चाकं चढवली, हवा भरली, गाडवाटेसाठी जरा कमीच. मामाजी पंप मारत होते आणि दर दट्ट्याला "मालिश!" म्हणत होते. आत्याबाईंनी शेवटी त्यांना सांगितलं, "तोंडातली हवा ट्यूबात भरा."

मी निघाले. लंबुळक्या टायरांमुळे सायकल दर फेऱ्याला एक हिसका देत होती, उंटावर बसल्यासारखं वाटत होतं. पण गाडवाटेवर आल्यावर एक नवल झालं. माती चाकाला लागे आणि पुढच्या फेऱ्याला गळून पडे. तिला धरून राहायला जागाच नव्हती. टायर झिजून बारीक झालेले, त्यामुळे मडगार्डखाली मोकळी फट होती, जे काही वर जाई ते त्या फटीतून खाली येई. सायकल घसरत होती, हे खरं. एकदा मी शेतात गेलेही. पण घसरलेलं चाक सावरता येतं. अडलेल्या चाकाचं काहीच करता येत नाही. नाल्यात मी उतरून ती खांद्यावर घेतली. पाणी एव्हाना उतरलं होतं, तरी गुडघ्याच्या वर होतं, लुगडं भिजलं. पलीकडे मुरमाचा रस्ता लागला, बाभळी लागल्या, आणि मी कान चाकांकडे लावून बसले. फुस्स असा आवाज केव्हा येतो त्याची वाट पाहत. तो आला नाही.

शाळेत पोचले तेव्हा घंटा व्हायची होती. मी पाय धुतले, पदर पिळला आणि वर्गात जाऊन उभी राहिले. हेडमास्तर दारातून डोकावले, मला पाहून त्यांनी टोपी सारखी केली आणि पुढे गेले.

साहेब मात्र आले नव्हते. पहिला तास संपला, दुसरा सुरू झाला. हेडमास्तरांनी गणित पुढे ढकलून इंग्रजीच चालू ठेवायला सांगितलं. माझ्याजवळचे धडे संपत आले तेव्हा साहेब आले. पायी, पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली, बूट हातात. त्यांची जीप पलीकडच्या काळ्या मातीत रुतली होती आणि तिला ओढायला बैल जोडले होते. ते बैल कालच्या सणाने इतके सुस्तावलेले, की हलायला तयार नव्हते. साहेबांनी वर्गात मागच्या बाकावर बसून पाय पुसले आणि माझं शिकवणं ऐकलं. एका मुलीला काही विचारलं, तिने इंग्रजीत उत्तर दिलं. बाहेर आल्यावर त्यांनी मला विचारलं, "तुम्ही याच गावात राहता का, बाई?"

"नाही. दोन कोसांवर. सायकलने येते."

ते व्हरांड्याच्या कठड्याशी गेले आणि खाली उभ्या असलेल्या माझ्या सायकलकडे बघू लागले. गुळगुळीत, वाकडे, मुरमाने तांबूस झालेले टायर, आणि एका ठिकाणी टायराच्या कडेतून डोकावणारा हिरवा काठ. "याच टायरांवर?" ते म्हणाले.

"आमच्या बाई रोज येतात," हेडमास्तर मधेच म्हणाले. खोटं बोलणार नाही म्हणणारा माणूस 'रोज' हा शब्द जरा घाईने बोलून गेला. मी तेव्हा त्यांच्याकडे पाहिलं नाही. आजही त्यांची आठवण झाली की आधी तो 'रोज' ऐकू येतो.

दिवाळीनंतर गावातला माणूस शोधायची वेळ आली नाही. माझी जागा पक्की झाली.

त्या संध्याकाळी मी घरी परतले तेव्हा दोन्ही माठ पुन्हा भरलेले होते, पहिल्यासारखे विटांच्या तुकड्यांवर, एक डावीकडे झुकलेला, एक उजवीकडे. आत्याबाईंनी साहेब काय म्हणाले ते विचारलं नाही. "कुठी फुटला तं नाई?" असं विचारलं. नाही म्हटल्यावर त्या चाकापाशी बसल्या, हिरवा काठ जिथे बाहेर आला होता तिथे त्यांनी तो बोटाने आत सारला आणि म्हणाल्या, "चांगलं होतं ते लुगडं."

नंतर आमच्या घरात असा रिवाज पडला. पाऊस लागायच्या आधी माठाखालचे गुळगुळीत टायर सायकलला चढायचे आणि माठ विटांवर जायचे. हिवाळ्यात वाट वाळली, की जाड ठोकळ्यांचे टायर सायकलला, आणि गुळगुळीत पुन्हा माठाखाली. ते अगदीच विरले तेव्हा मी अकोल्याहून नवे मागवले नाहीत, कोणाचे तरी झिजलेले मागून आणले. पावसाळ्यात आमच्याकडे पाणी प्यायला येणाऱ्याने माठ जपून वाकवायचा, हे सगळ्या गल्लीला माहीत होतं. बाबांना मी हे सांगितलं तेव्हा त्यांनी चष्मा कपाळावर नेला. मग म्हणाले, "म्हणजे दुकानदार खरंच बोलला होता. सोडतच नाही म्हणाला होता." आणि इतके हसले, की त्यांचा चष्मा पडला.

तेव्हा तुम्ही दोघं भांडू नका. टायर घेण्याआधी त्या वाटेची मूठभर माती ओली करून हातात घेऊन बघा. हाताला चिकटून राहिली, तर ठोकळे नकोत. झटकल्यावर पडली, तर खुशाल घ्या. आणि काही झालं तरी तेल लावू नका.

पुढच्या वर्षी पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी मी मुद्दामच गोठ्याच्या दाराआड उभी राहिले. आत्याबाईंनी दोन्ही बैलांचे खांदे मळले, दोघांच्या कानाशी आवतन दिलं. मग हात राखेने धुतले, पदराला कोरडे पुसले, आणि कोपऱ्यातल्या सायकलच्या घंटीपाशी वाकल्या.

"आज आवतन घे," त्या म्हणाल्या, "परवा शायेत जाय."

वळून पाहतात तर मी. त्यांनी दोन्ही तळवे माझ्यासमोर धरले.

"पाय. तेल नाई लावलं."